घुंगरी ॲडमिट आहे

घुंगरी नदीला सोमवारी सकाळी दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला. झरेकुंभ्याच्या आरोग्य केंद्रापासून पुलापर्यंत बँड वाजत गेला, सरपंचबाईंनी पेशंटची दृष्ट काढली, आणि पेशंट होती तिथंच वाहत राहिली, कारण ती मुळात दवाखान्यात आलीच नव्हती. बायकांनी ओटी भरायला साडी आणली होती. ती पेशंटला नेसवायची कशी यावर पुलावर बराच खल झाला. शेवटी ती सिस्टरना दिली. सिस्टर ‘नको, नको’ म्हणाल्या आणि तेवढ्यात ती पिशवीत घालूनही मोकळ्या झाल्या.

हे सगळं झालंच नाही.

म्हणजे जिल्हा कार्यालयाच्या म्हणण्याप्रमाणे झालं नाही. नदी रुग्ण असू शकत नाही. रुग्ण नाही तर डिस्चार्ज नाही, आणि डिस्चार्जच नाही तर बँड कशाचा? बँडवाल्यांनीही आपण त्या दिवशी पुलावर सराव करत होतो असं लेखी देऊन टाकलं आहे. सरकारशी वाद घालण्यात अर्थ नसतो. तेव्हा असं काही घडलंच नाही हे आधी मान्य करू, आणि मग ते कसं घडलं ते पाहू.

साल दोन हजार त्रेचाळीस. किमया डोईफोडेच्या सासूबाईंना, म्हणजे उज्ज्वलाबाईंना, पावसाळा संपल्यापासून तिसऱ्यांदा थंडी वाजून ताप आला. उज्ज्वलाबाई म्हणजे घराचा लाउडस्पीकर. कुणी काय घालावं, कुठल्या बाजूला झोपावं, कुणाच्या लग्नाला जाऊन कुणाशी बोलू नये, सगळं त्या सांगत. या वेळी मात्र दोन दिवस त्या काहीच बोलल्या नाहीत. घरात इतकी शांतता पसरली की सासरे शिवदास डोईफोडे, ज्यांना सगळं गाव नाना म्हणे, त्यांनी घाबरून गाडी काढली.

किमयाचा नवरा तुषार गुजरातेत पवनचक्क्यांवर कामाला. घरात ही तिघं आणि नदीकाठच्या चार शेडांत कोंबड्या. रस्त्यावर मोठी पाटी होती : ‘डोईफोडे पोल्ट्री, तालुक्यात सर्वांत मोठी’. नानांना लेक झाला तेव्हाही झाला नसेल एवढा आनंद त्या पाटीला लाइट लावली तेव्हा झाला होता. किमयानं मायक्रोबायॉलॉजीत पदवी घेतली होती. तिच्या शिक्षणाचा घरात उपयोग म्हणजे दही कधी बिघडत नसे.

आरोग्य केंद्रात डॉक्टर अल्ताफ मुजावर होते. वय लहान, चेहरा कायम निकाल लागण्याआधीचा. त्यांच्या टेबलावर पोळपाटाएवढं एक यंत्र होतं. त्याचं नाव सहनाडी.

सहनाडीमागचा शोध समजायला सोपा आणि पचायला अवघड होता. माणसाच्या आत अब्जावधी जिवाणू राहतात हे जुनंच. नवं कळलं ते असं की, एका गावातल्या माणसांचे, गुरांचे, मातीचे आणि पाण्याचे जिवाणू वेगवेगळे राहतच नाहीत. त्यांची वस्ती एकच, आणि तिच्यात दिवसभर ये-जा. विहिरीतून माणसात, माणसातून गटारात, गटारातून नदीत, नदीतून मेथीच्या जुडीत, जुडीतून पुन्हा माणसात. आपण कुठं संपतो आणि आपलं गाव कुठं सुरू होतं हे आपल्याला ठाऊक असतं. जिवाणूंना कुणी नकाशा दाखवलेला नसतो. सहनाडीत एका नळीत पेशंटचा नमुना घालायचा, दुसरीत त्याच्या गावच्या पाण्याचा. यंत्र दोन्हींतला डीएनए केसाहून कितीतरी बारीक भोकातून ओढून वाचायचं आणि सांगायचं, कोण कुणाकडून आलंय. एकाच वेळी दोघांची नाडी.

“नाना, काकूंच्या मूत्रपिंडात जो जिवाणू आहे, तो पुलाखालच्या दगडांवरही आहे,” डॉक्टर म्हणाले.

“त्याच्यासारखा?”

“तोच.”

नानांनी विचार केला. “म्हंजे नदी हिच्यात शिरली का ही नदीत?”

“दोन्ही.”

“ही तर जन्मात कधी पोहायला गेली नाय.”

“नाना, आपली विहीर नदीला लागून आहे,” किमया म्हणाली. “कोथिंबीर त्याच पाण्यावर, मेथी त्याच पाण्यावर. आई दरवेळी औषध घेऊन बऱ्या होतात, घरी येतात आणि पुन्हा तेच पाणी.”

“आता औषधानंही बऱ्या होत नाहीयेत,” डॉक्टर म्हणाले. “हा कुठल्याच गोळीला भीत नाही. आणि त्याचं कारण…”

कारण सांगायच्या वेळी डॉक्टरांनी छताकडे पाहिलं. नानांनीही पाहिलं. छतावर काही नव्हतं.

“कारण कोंबड्यांचं खाद्य,” किमयानं सांगून टाकलं. “त्यात आपण रोज थोडं थोडं औषध घालतो. कच्चे जिवाणू मरतात, निगरगट्ट उरतात. शेड धुतलं की ते नदीत. मग दगडांवर बसून त्यांचा पुढचा संसार.”

“ते औषध कंपनीच देती,” नाना म्हणाले. “एवढ्या दाटीत बिनऔषधाचा पक्षी जगतो का?”

“नाही जगत.”

“मग?”

‘मग’चं उत्तर डॉक्टरांकडे होतं, पण ते विचित्र होतं. जगात प्रत्येक जिवाणूला खाणारा एक विषाणू असतो. त्याला भक्षू म्हणतात. माणसाला तो काही करत नाही. त्याला माणूस दिसतही नाही, त्याचं सगळं लक्ष आपल्या ताटात. औषधं हरली की योग्य भक्षू शोधून पेशंटला द्यायचा, ही पद्धत आता रुळली होती. शहरात भक्षूंची पेढी होती. तिथले झाडून सगळे भक्षू उज्ज्वलाबाईंच्या जिवाणूवर सोडून पाहिले होते. एकानंही तोंड लावलं नाही.

“हा जिवाणू झरेकुंभ्यात घडलाय. त्याला खाणाराही झरेकुंभ्यातच घडणार,” डॉक्टर म्हणाले. “खरं तर एव्हाना नदीत तो तयार व्हायला हवा होता. पण तुम्ही शेड धुताना जे जंतुनाशक वापरता, ते दगडावरच्या चिकट थराखाली पोचतच नाही. जिवाणू आत मजेत. पाण्यात उघड्यावर फिरणारे भक्षू तेवढे मरतात. चोराला पांघरूण आणि शिपायाला फाशी, असं चाललंय. नदीला महिना-दोन महिने विश्रांती द्या. ती आपलं औषध आपण घडवेल.”

“विश्रांती?” नाना म्हणाले. “ती काय खुरपणीला जाती?”

“आणि तोवर आईंचं काय?” किमयानं विचारलं.

“एक शेवटचं इंजेक्शन उरलंय. ते ताप दाबून धरेल. पण ते मूत्रपिंडांवरच येतं.” डॉक्टरांनी वाक्य तिथंच सोडलं. “नदीनं लवकर मनावर घ्यायला हवं.”

नदीला विश्रांती द्यायची म्हणजे गावाला थांबवायचं, आणि झरेकुंभ्याला आजवर कुणी थांबवलेलं नव्हतं. पण त्याच वर्षी सरकारनं ‘स्थळरुग्ण’ नावाची सोय काढली होती. नाडी जर एकच, तर जागासुद्धा पेशंट म्हणून नोंदवता यावी, आणि दवाखान्याचे सगळे नियम तिला लागू व्हावेत, असा तो आदेश. तो बहुधा कुणीतरी दुपारच्या जेवणानंतर काढला असावा, कारण त्यासाठी वेगळा नोंदणीचा नमुना करायचं राहूनच गेलं. कॉम्प्युटर माणसांचेच प्रश्न विचारत होता.

खिडकीवर निनाद नावाचा कारकून बसत असे. प्रश्न कितीही चमत्कारिक असला तरी तो त्याच आवाजात विचारायचा.

“नाव?”

“घुंगरी.”

“वडलांचं किंवा नवऱ्याचं?”

“डोंगर लिही,” डॉक्टर म्हणाले.

“वय?”

“काही हजार वर्षं.”

“तीनच आकडे घेतंय.”

“मग नऊशे नव्व्याण्णव.”

“उंची?”

“अकरा किलोमीटर. पण आडवी.”

“वजन?” निनादनं खिडकीतून नदीकडे पाहिलं आणि स्वतःच ‘मध्यम’ लिहिलं. “कशाची ॲलर्जी?”

“जंतुनाशकाची,” किमया म्हणाली.

“पेशंटबरोबर कोण आहे?”

इथं गाडं अडलं. आपल्याकडे आजार नसताना ॲडमिट होता येतं, नातेवाईक नसताना नाही. कुणीतरी सही करायची असते, कुणीतरी डबा आणायचा असतो, कुणीतरी बाकावर बसून सिस्टरची बोलणी खायची असतात. त्याशिवाय कॉम्प्युटर पुढचं पान उघडत नव्हता. सोबत आलेल्या सरपंचबाईंनी चपलेकडे पाहिलं. डॉक्टरांना नियमानं चालत नव्हतं.

“मी आहे,” किमया म्हणाली.

“नातं?”

“सून.”

“नदीची?”

“हो. माझी एक सासू आत दोन नंबरच्या कॉटवर आहे. हिला तीन नंबर द्या. एकाच डब्यात दोघींचं आणते.”

निनादनं ‘सून’ लिहिलं. बाकावर बसलेले नाना उठून उभे राहिले. “मला न विचारता घरात दुसरी सासू आणली व्हय?”

“नाना, पहिली राहावी म्हणून आणली.”

 नाना बाहेर जाऊन गाडीला उगीच किक मारत बसले. गाडी बटणावर चालू होणारी होती.

पेशंट ॲडमिट झाला की कॉम्प्युटर आपोआप एक पाटी छापायचा. सिस्टरनी ती नियमाप्रमाणे पेशंटच्या उशाशी, म्हणजे पुलाच्या कठड्याला, टांगली : ‘रुग्णास तोंडाने काहीही देऊ नये.’

आता हे समजून घ्यायला हवं, की त्याच पुलावर ‘येथे कचरा टाकू नये’ अशी पाटी वर्षानुवर्षं होती, आणि लोकांना कचरा कुठं टाकायचा ते त्या पाटीमुळंच सापडे. दंडाची पाटी होती, तिच्यावर कुणीतरी साबणाची जाहिरात चिकटवली होती. झरेकुंभे सरकारला भीत नव्हतं, देवालाही हंगामानुसारच भीत असे. पण ‘तोंडाने काही देऊ नये’ ही गोष्ट वेगळी होती. ती दवाखान्याची होती. डॉक्टरांनी उपाशी ठेवायला सांगितलेल्या पेशंटला चोरून चहा पाजल्यामुळं कुणाचं काय झालं होतं, याची गावातल्या प्रत्येक घरात एक तरी कहाणी होती.

पहिल्याच दिवशी एक जण ट्रॅक्टर धुवायला पाण्यात उतरला. काठावरून आजीबाई ओरडल्या, “आरं मुडद्या, उपाशी पेशंट हाय ती, आन् तिला डिझेल पाजतूस?”

तो ट्रॅक्टर मागं घेऊन निघून गेला. चिखलासकट.

ढाब्यावरचा पोऱ्या नव्हे, खुद्द मालक उष्ट्याची बादली घेऊन आला, पाटी वाचली, बादली घेऊन तसाच परत गेला आणि आयुष्यात पहिल्यांदा खतासाठी खड्डा खणू लागला. गुरव निर्माल्य घेऊन आला. “देवाचं आहे, त्यानं काय होतंय?” असं त्यानं विचारून पाहिलं. “देवाचं असलं तरी तोंडानंच जाणार ना?” असं उत्तर आल्यावर तो ते देवळामागच्या फुलझाडांना घालून आला.

मग भेटायला येणारे सुरू झाले. चार ते सहा भेटीची वेळ. बायका पुलाच्या कठड्याला टेकून हळू आवाजात बोलत.

“कशी हाय आता?”

“पडूनच हाय. रंग जरा उतरलाय काळेपणाचा.”

“अशक्तपणा असणारच. माझ्या पित्ताशयाच्या वेळी मी अशीच पडले हुते.”

“तुमचं काय घिऊन बसलाय! तुम्ही तीन दिवसांत उठून लग्नाला गेला हुता.”

कुणी शहाळं आणलं, कुणी बिस्किटांचे पुडे. पेशंटला चालत नाही म्हटल्यावर रीतीप्रमाणे ते नातेवाइकाच्या हातात दिले. किमयाकडे इतके पुडे जमले की तिनं शाळेत वाटले.

गावाच्या गटाराचा प्रश्न मोठा होता. ते बंद करता येत नव्हतं, कारण गाव चालू होतं. सरपंचबाईंनी दोन मोठे चर खणून घेतले, खाली खडी, वर वाळू, आणि त्यात दाट कर्दळ लावली. गटार आधी तिथं, मग नदीत. कर्दळीची मुळं घाण धरून ठेवतात, त्यांच्याभोवतीचे जिवाणू ती खाऊन टाकतात आणि खाली बऱ्यापैकी स्वच्छ पाणी सुटतं. डॉक्टरांनी ग्रामसभेत समजावलं, “माणसाच्या दोन किडन्या असतात. गावालाही हव्यात. या बघा दोन.” दुसऱ्या दिवसापासून लोक ‘डाव्या किडनीपाशी भेट’ असं बोलू लागले.

दवाखान्यातली रांग लहान व्हायला लागली. पोरांची पोटं बिघडेनाशी झाली, खरजेचं मलम कपाटात पडून राहिलं. डॉक्टरांना आधी वाटलं लोक आपल्यावर रागावलेत. त्यांनी दोघातिघांना वाटेत थांबवून विचारलंसुद्धा, “काय चुकलं का माझं?”

सगळं गाव थांबलं होतं. फक्त नानांची शेडं थांबली नव्हती. नाना रोज भेटीच्या वेळी पुलावर येत, पेशंटची चौकशी करत, कचरा टाकणाऱ्यांना शिव्या घालत. पाटी आपल्याला लागू आहे असं त्यांना वाटलंच नाही. पाटी गावासाठी होती. आपली पाइपलाइन जमिनीखालून होती.

एका दुपारी किमया पाण्याचा नमुना घेत असताना वरून पांढरा फेस आला. काठावर पाचसहा बायका होत्या.

“आगं बया! पेशंटला कोण काय पाजतंय?”

सगळ्या फेसाच्या मागं मागं वर गेल्या. चौथ्या शेडापाशी नाना हातात पाण्याचा पाइप घेऊन उभे होते. पळावं तर पाइप हातात, आणि टाकावा तर धार अंगावर.

“नाना, तुमी?” एक बाई म्हणाली. “घरात एक बाई सलाइनवर, दुसरी तुमच्याच सुनेच्या नावावर ॲडमिट, आन् तुमीच चोरून पाजताय?”

बायका गेल्या. जाताना एकीनंही मागं वळून पाहिलं नाही, तेच जास्त लागलं. किमया थांबली.

“तू कुणाची सून हायस?” नानांनी विचारलं.

“दोघींची.”

“ह्या पोल्ट्रीनं तुषारचं शिक्षाण केलं. तालुक्यात पयला हाय मी. औषध बंद म्हंजे पक्षी निम्मे. दोन शेडं रिकामी पडली तर लोकं काय म्हणतील?”

“नाना, निम्मं काहीतरी होणारच आहे. पक्षी निम्मे करायचे की घरातली माणसं, एवढंच तुमच्या हातात आहे.”

नाना पाइपमधून गळणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. मग ते वाकले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि नदीकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडात कोंबला. तो पुरला नाही म्हणून शर्टही कोंबला. बनियनवर घरी चालत आले आणि वाटेत विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘उकडतंय’ म्हणून सांगितलं. हिवाळा होता.

दोन शेडं रिकामी झाली. उरलेल्या पक्ष्यांना अंग पसरायला जागा मिळाली, खाद्यातलं औषध गेलं, शेडं धुतल्याचं पाणी कर्दळीच्या नव्या, तिसऱ्या चराकडे वळलं. आठवड्यानं रस्त्यावरची पाटी बदलली : ‘डोईफोडे पोल्ट्री, तालुक्यात सर्वांत हवेशीर’. लाइट तीच.

आणि मग वाट बघणं आलं.

उज्ज्वलाबाईंचे पाय सुजले. चेहरा सुजला. इंजेक्शननं ताप दाबला होता, पण बाकीचं शरीर त्याची किंमत मोजत होतं. किमया रोज सकाळी एका सासूचं पाणी नळीत भरून आणायची आणि दुसऱ्या सासूच्या लघवीचं माप लिहायची. एकीचं निवळत होतं, दुसरीचं कमी होत होतं. सहनाडी रोज दोघींची नाडी बघून सांगायची : अजून नाही.

“ती कशी हाय?” उज्ज्वलाबाईंनी एकदा डोळे न उघडता विचारलं.

“कोण, आई?”

“तीन नंबरवाली.”

“बरी आहे. तळ दिसायला लागलाय. काल लहान मासे दिसले.”

“तिला म्हणावं, माझ्यासाठी घाई करू नको.” थोडा दम घेऊन त्या म्हणाल्या, “पण लई उशीरबी लावू नको.”

किमयानं तो निरोप खरोखर पोचवला. पुलाखाली जाऊन, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, ती दगडांना म्हणाली, “आईंनी घाई करू नका म्हणून सांगितलंय. मी सांगते, करा.” पुलावर निनाद उभा होता. त्यानं मान हलवली आणि त्याच आवाजात विचारलं, “नोंद करू?”

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. त्यांच्या हातात काचेची बशी होती. बशीत उज्ज्वलाबाईंच्या जिवाणूचा थर पसरला होता, पातळ दह्यासारखा, वर घुंगरीच्या पाण्याचे थेंब टाकलेले. रोज सकाळी ती बशी एकसारखी पांढरी असायची. आज त्या पांढऱ्यात एक भोक होतं. टाचणीच्या डोक्याएवढं, स्वच्छ, पलीकडचं दिसेल असं.

“खाल्लंय,” डॉक्टर म्हणाले.

किमयानं बशी उजेडात धरली. तिला एवढंसं भोक आजवर कधी इतकं मोठं वाटलं नव्हतं. “कुणी?”

“तुमच्या दुसऱ्या सासूनं पाठवलेल्यानं.”

नदीनं मनावर घेतलं होतं. दगडांवरचे निगरगट्ट जिवाणू होतेच. पण आता रोजचं औषध नसल्यामुळं त्यांचा निगरगट्टपणा त्यांनाच जड झाला होता, आणि जंतुनाशक नसल्यामुळं त्यांना खाणारे पाण्यात मोकळे फिरू लागले होते. त्यांतला एक नेमका हवा तोच निघाला. तो जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत वाढवायचा, गाळून शुद्ध करायचा, तपासायचा आणि सलाइनमधून द्यायचा. फक्त एक संमतिपत्र हवं होतं.

तिथं कॉम्प्युटर अडला.

“एका पेशंटच्या अंगातलं दुसऱ्या पेशंटला द्यायचंय,” निनाद म्हणाला, “म्हणजे हे दान झालं. दात्याचा नातेवाईक आणि घेणाऱ्याचा नातेवाईक एकच चालत नाही. दोन्हीकडे सून आहे.”

“अरे, पण नदी आहे ती!” डॉक्टर पहिल्यांदाच ओरडले.

“सर, मला दिसतंय. त्याला दिसत नाही.”

“मग घेणाऱ्याकडून नाना करतील,” किमया म्हणाली.

“घेणाऱ्याचं नाव आता बदलता येत नाही, उपचार चालू आहेत. दात्याचं बदलता येईल. पण रक्ताचं हवं. दान म्हटलं की सून चालत नाही, सासरचं कुणीच चालत नाही.”

दाराशी नाना उभे होते. किती वेळ ते कुणाला कळलं नाही. ते खिडकीपाशी आले आणि चष्मा पुसायला लागले, जरी त्या दिवशी त्यांनी तो घातलेला नव्हता. खिशातून काढून पुसत होते.

“माझं नाव लाव,” ते म्हणाले.

“नातं काय लिहू, नाना?”

नानांनी बाहेर पाहिलं. खाली घुंगरी वाहत होती. या दिवसांत ती इतकी स्वच्छ कुणी पाहिली नव्हती, आणि दगडांवरून जाताना ती परत वाजायला लागली होती. त्या आवाजावरूनच कधीकाळी तिचं नाव पडलं होतं.

“मुलगा लिही,” नाना म्हणाले.

निनादची बोटं थांबली.

“जन्मलो तवा हिच्याच पाण्यानं अंघोळ घातलीया मला. प्यालो हिचं, वाढलो हिच्यावर. पोल्ट्री उभी केली ती हिच्या जिवावर. दोनदा पुरात घर नेलं हिनं, मी चकार शब्द काढला नाय. मग आन् कोण लागतो मी हिचा? लिही मुलगा.”

कॉम्प्युटरनं मुलगा घेतला. नानांनी सही केली. पोल्ट्रीच्या करारावर करत तशी झोकात नाही. शाळेतल्यासारखी, एकेक अक्षर काढून.

“दात्याचा अंगठा,” निनाद म्हणाला.

डॉक्टरांनी नळीतला एक थेंब त्या चौकटीत टाकला. कागद थोडा फुगला. कॉम्प्युटरनं तोही घेतला.

भक्षू सलाइनमधून गेले तेव्हा दवाखान्याच्या आवारात सगळं गाव उभं होतं, आणि गर्दी करू नये म्हणून प्रत्येक जण बाकीच्यांना सांगत होता. पहिले दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पुन्हा चढला नाही. सूज ओसरायला लागली. एका सकाळी किमया डबा घेऊन आली तेव्हा उज्ज्वलाबाई उशीला टेकून बसल्या होत्या आणि सिस्टरना लग्न कुठल्या महिन्यात करावं ते सांगत होत्या. सिस्टरचं लग्न होऊन सात वर्षं झाली होती. कुणीही ते सांगितलं नाही. नाना दारातच थांबले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. त्यांचे खांदे हलत होते. विचारलं तर ‘उकडतंय’ म्हणाले असते, म्हणून कुणी विचारलं नाही.

घुंगरी त्यानंतर आणखी काही आठवडे ॲडमिट राहिली. डिस्चार्ज मिळाल्यावर सरकारनं स्थळरुग्णाची सोयच बंद करून टाकली, पण गावानं पाटी काढली नाही. शेजारच्या गावांतून लोक बघायला यायला लागले. झरेकुंभ्याची माणसं त्यांना आधी डावी किडनी दाखवत, मग उजवी, मग डोईफोड्यांची हवेशीर पोल्ट्री, आणि शेवटी पुलावर नेऊन गप्प उभी राहत. खाली दगडांवरून पाणी वाजत असे. पाहुणे म्हणत, “आमच्याकडं बी नदी हाय.” झरेकुंभेकर म्हणत, “असंल की,” पण असं म्हणत की पाहुण्यांनी घरी जाऊन आपल्या नदीची तब्येत विचारावी. दोन गावांनी विचारलीही.

मग ग्रामसभेत प्रश्न निघाला, की घुंगरीचे उपकार फेडायचे कसे. कुणी देऊळ म्हणालं, कुणी पुतळा. नदीचा पुतळा उभा करायचा की आडवा, यावर मतभेद झाले. तेव्हा उज्ज्वलाबाई उठल्या. लाउडस्पीकर पूर्ण आवाजात होता.

“देऊळ बांधलं की लोक नारळ फोडून करवंट्या तिच्यातच टाकतील. आता ती पेशंट ऱ्हायली नाय. जिनं बरं केलं तिला काय म्हणत्यात? किमया, घे लिहून.”

किमयानं लिहून घेतलं. नानांनी सूचक म्हणून सही केली, डॉक्टर मुजावरांनी अनुमोदन दिलं, ठराव एकमतानं मंजूर झाला आणि अर्ज त्याच दिवशी जिल्ह्याला रवाना झाला :

‘प्रति, माननीय जिल्हा आरोग्य अधिकारी. महोदय, आमच्या आरोग्य केंद्रातील दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद बरीच वर्षे रिक्त आहे. तरी सदर पदावर आमच्या गावची नदी घुंगरी हिची कायमस्वरूपी नेमणूक व्हावी. सदर उमेदवार मुख्यालयीच राहते, रात्रंदिवस हजर असते, रजा घेत नाही आणि खाजगी प्रॅक्टिस करत नाही. तिने स्वतः गंभीर आजार भोगला असल्याने रुग्णांशी तिची वागणूक सहानुभूतीची आहे. वयोमर्यादेची अट शिथिल करण्यात यावी. तसेच एकदा रुजू झाल्यावर तिची बदली करू नये. उताराच्या बाजूची गावे ती रोज स्वतःहूनच तपासते, आणि चढाच्या बाजूला आदेश काढला तरी ती जाणार नाही. नेमणुकीचे पत्र काठावर आणून वाचून दाखवावे, पाण्यात टाकू नये, ही नम्र विनंती.’